भित्र्या मेटकरी सिस्टर

मेटकरी सिस्टरांइतकी भित्री बाई मी आजवर दुसरी पाहिली नाही, आणि माझा जीव सांभाळायचं काम नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं होतं.

साताऱ्यातल्या ज्या हॉस्पिटलात माझी किमो चालू होती, तिथल्या वॉर्डात त्या नर्स होत्या. सकाळी यायचं, खुर्चीवर पडून सलाईन घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं असा तो वॉर्ड. बाकीच्या सिस्टर तरण्याताठ्या, चटपटीत. मेटकरी सिस्टर पन्नाशीच्या, बुटक्या, कपाळावर कायम आठी. लिफ्टमध्ये बसायच्या नाहीत, मध्येच अडकली तर म्हणून. जिन्याची फरशी ओली असली की कठड्याला धरून एकेक पायरी उतरायच्या. टेबलावरचा फोन वाजला की दचकायच्या, आणि दुसऱ्या कुणीतरी उचलावा म्हणून इकडेतिकडे पाहायच्या. सलाईनच्या पिशवीवरचं नाव स्वतः वाचायच्या, मग शेजारच्या सिस्टरला वाचायला लावायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "बाई, नाव सांगा तुमचं."

"अहो, मघाशी सांगितलं की."

"तरी सांगा. मला भ्या वाटतं."

पहिल्या दिवशी सुई टोचायच्या आधी त्या मला म्हणाल्या, "तुमी तिकडं खिडकीकडं बगा. तुमी माझ्याकडं बगितलं की माझा हात कापतो." स्तनाचा कॅन्सर झाला हे कळल्यापासून मी आधीच जीव मुठीत धरून होते, त्यात ही बाई. घरी आल्यावर मी नवऱ्याला, विलासला, स्पष्ट सांगितलं की मला त्या बाईंच्या हाती देऊ नका, दुसरी कुणीतरी धीट सिस्टर मागून घ्या. विलास एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर. तिथल्या माणसांना तो दरडावतो, पण हॉस्पिटलात शिरला की त्याचा आवाज बसतो. त्याने काही मागितलं नाही आणि मी मेटकरी सिस्टरांच्याच वाट्याला राहिले.

मी शाळेत भूगोल शिकवते. बोलायला तिखट आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. आजार झाला म्हणून गोड व्हायचं मला काही कारण दिसलं नव्हतं.

पहिल्या डोसानंतर मी थोडी लुळी पडले आणि सावरले. दुसऱ्यानंतर मात्र जे अंगावर आलं त्याला थकवा म्हणावं का, तेच मला कळेना. थकवा मला ठाऊक होता. सहलीला सगळा वर्ग घेऊन अजिंक्यतारा चढून उतरलं की येतो तो थकवा, रात्री जेवून झोपलं की जातो. हा झोपल्याने जात नव्हता. सकाळी डोळे उघडले की तो आधीच जागा होऊन उशाशी बसलेला असायचा. समोर चहाचा कप असायचा आणि तो उचलावा की राहू द्यावा याचा मी विचार करत बसायचे. दात घासताना हात खांद्यातून निखळून पडेल असं वाटायचं. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर ठाऊक असायचं, पण ते तोंडापर्यंत आणायचा कंटाळा यायचा. वाचायला घेतलेली ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरायचे.

आणि भीती. दुखत असलं तर माणूस दुखतंय म्हणून सांगतो. इथे दुखत काहीच नव्हतं, नुसतं अंगातून सगळं ओसरत होतं. माझी खात्री झाली की आजार हाडांत उतरला आहे आणि डॉक्टर मला सांगत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, "थकवा येणारच, औषधाचा आहे, आजार वाढल्याचा नाही." पण भेटायला येणारी माणसं माझ्या तोंडाकडे बघून एकमेकांकडे बघत. एक नातेवाईक बाई म्हणाली, "अगं, जरा उठून कामाला लाग, मग बरं वाटेल." दुसरी म्हणाली, "पडूनच राहा, हलूसुद्धा नकोस." मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्हींनी हातपाय आणखीच गळाले.

शेवटी एका सकाळी मी विलासला सांगितलं, "पुढच्या डोसाला मी येणार नाही. मरायचं असेल तर माझ्या अंगात थोडी ताकद असताना मरते."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डोस अर्धे राहिले तर आजार परत उसळी मारतो हे आम्हाला आधीच बजावलेलं होतं. त्याने बाहेर जाऊन वॉर्डात फोन लावला आणि नशीब असं की तो नेमका मेटकरी सिस्टरांनाच उचलावा लागला. तो आत आला आणि फोन माझ्या कानाला लावला. मला वाटलं, आता ही बाई मला हिंमत देणार, बऱ्या झालेल्या पेशंटांच्या गोष्टी सांगणार. मी भांडायच्या तयारीत होते.

त्यांनी विचारलं, "बाई, ताप हाय का? धाप लागत्या का पडल्या पडल्या? छातीत धडधड?"

"नाही."

"कुठनं रगत जातंय का?"

"नाही हो."

"मग दात घासलं का आज?"

"हा काय प्रश्न आहे?"

"उभ्यानं घासलं का बसून?"

"उभ्याने. सगळे उभ्यानेच घासतात."

"तुमी बसून घासा. आंघोळीला स्टूल घ्या पलास्टिकचं. आंगाला पंचा गुंडाळून तसंच पलंगावर येऊन बसा, पुसत उभं ऱ्हाऊ नका. आन मला सांगा, आज दिवसभरात एकच काम करायचं म्हणलं तर तुमाला कंचं करायचंय?"

मी चिडूनच म्हणाले, "दहावीच्या पोरांचे नकाशे तपासायचे आहेत. शाळेतून आणून ठेवलेत, आठवडाभर हात लावलेला नाही."

"मग आंघोळ दुपारी करा. सकाळी नकाशं."

"आंघोळीच्या आधी?"

"कोण बगायला येतंय? आन उद्या रगत तपासायला या. डोसाचं मागनं बगू."

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टरांनी त्यावर औषध दिलं. पण त्याच्या आधी, फोन झाला त्याच दिवशी, मी पारोशा अंगाने पलंगावर बसून नकाशे तपासले. एकाने कोयना नदी थेट अरबी समुद्रात नेऊन सोडली होती. मला हसू आलं, आणि आपल्याला हसू आलं याचं इतकं नवल वाटलं की मी रडले. पुढच्या डोसाला मी गेले.

मेटकरी सिस्टर मूळच्या आटपाडी भागातल्या. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. मी वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून जो फळ्यावर रेघा मारून दाखवते, त्या प्रदेशात त्यांचं लहानपण गेलेलं. त्यांच्या वस्तीवर टँकर यायचा तेव्हा त्यांची आई पाण्याची वाटणी करायची. पिण्याचं आधी, मग कोकरांचं, मग भाकरीपुरतं. हातपाय धुवायला उरलं तर उरलं. सिस्टर पेशंटला "कसं वाटतंय" असं कधी विचारत नसत. विचारायच्या, "आज घागर कितपत हाय?" आणि सगळे पेशंट मुकाट्याने हात पुढे करून उंची दाखवायचे. कुणी कमरेएवढी, कुणी गुडघ्याएवढी. मी पहिल्यांदा म्हणाले, "सिस्टर, मी माणूस आहे, घागर नाही." त्या म्हणाल्या, "व्हय व्हय. पर कितपत हाय?" मी बोटाने जमिनीपासून वीतभर दाखवलं. "मग वीतभरातलं आधी कुणाला द्यायचं, त्ये ठरवा. उरंल म्हणून थांबू नका, उरत न्हाई."

त्यांचं आणखी एक म्हणणं होतं. पेशंट घाबरला की बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, घाबरू नका. मेटकरी सिस्टर म्हणायच्या, "घाबरायचंय न्हवं? मग बसून घाबरा. उभ्यानं घाबरलं की दुप्पट दमतं माणूस." हे त्या इतक्या कळवळून सांगायच्या की पेशंट खरंच बसायचा.

आमच्या वॉर्डात एक रिटायर सुभेदार यायचे, कोरेगावकडचे. मिशा पिळदार, बूट चकचकीत. सलाईन लागायच्या आधी ते वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात ताठ मानेने फेऱ्या मारायचे, खेपेगणिक वेग वाढवत. थकलोय हा शब्द त्यांच्या लेखी बहाणेबाजीत जमा होता. एक दिवस ते व्हरांड्यातच भिंत धरून खाली बसले आणि ओठ निळे पडले. सिस्टरांना त्यांच्या आवाजाची फार भीती. तरी डॉक्टरांनी तपासून ऑक्सिजन लावल्यावर त्या त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, पलटनीत लांब चालवत न्हेत असतील तुमाला."

"व्हय. रूट मार्च."

"मधी थांबू देत व्हते का?"

"हॉल्ट असतो की. हॉल्टशिवाय माणसं मोडतील." सुभेदार दम खात म्हणाले. "पन त्यो ऑर्डरनं मिळतो. आपल्या मनानं न्हाई बसायचं."

पुढच्या खेपेपासून सुभेदार फेऱ्या मारू लागले की व्हरांड्याच्या टोकाला सिस्टर उभ्या. त्यांनी तिथे एक खुर्ची आणून ठेवली होती. सुभेदार खुर्चीजवळ आले की त्या डोळे मिटून घेऊन किनऱ्या आवाजात ओरडायच्या, "हॉल्ट!" आणि सुभेदार खाडकन बसायचे. पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. पण तेही हसले आणि पुढे चालले. मीही मग त्यांच्यामागून व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊ लागले. नुसतं पडून राहिलेलंही सिस्टरांना चालत नसे. "पाय इसरत्यात," म्हणायच्या. "रोज थोडं चाला, दमायच्या आधी बसा. दमल्यावर बसून काय उपेग?"

एका म्हातारीची गोष्ट सांगते, कारण त्यावरून माझं आणि सिस्टरांचं भांडण झालं होतं. म्हातारी विट्याच्या पलीकडच्या खेड्यातली, मुक्कामाला साताऱ्यात लेकाकडे. लेक सांगत होता की आई रोज संध्याकाळी तोल जाऊन पडते, दोनदा डोकं आपटलं, दिवसभर बरी असते. सिस्टरांनी विचारलं, "दिवेलागणीला कुठं असत्या?"

"देवापुढं बसवतो की. उचलून बसवतो. दिवा लावायच्या वक्ताला आजारी माणूस आडवं कसं ठिवायचं? लक्षुमी यायची येळ."

म्हातारी दुपारपासून ओट्यावर ताटकळत बसून राहायची, वेळेला आपण झोपलेलं असू नये म्हणून. संध्याकाळ होईतो तिच्या अंगात काही शिल्लकच राहत नव्हतं. मी शेजारच्या खुर्चीवरून फणकारले, "अहो, आजारी माणसाला कसली लक्ष्मी नि काय! झोपू द्या तिला."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मला पण भ्या वाटतं दिवेलागणीला आडवं व्हायला. माझी सुट्टी असली तरी मी उठून बसते."

"तुम्ही नर्स आहात!"

"व्हय. आन म्हातारीला पडल्या पडल्या भ्या वाटाय लागलं, तर त्या झोपंतनं तिला काय मिळणार? जागीच ऱ्हाणार ती, डोळं मिटून." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "दुपारचं खाल्लं की आतल्या खोलीत झोपवा. दिवा लावायचा वकूत झाला की मगच उठवा. भिंतीला पाठ द्या, दोन्ही अंगाला उशा लावा. दिवा लागला, हात जोडलं की परत आडवं करा. तेवढ्यात लक्षुमी येऊन जाती."

म्हातारीने सिस्टरांचा हात धरून कपाळाला लावला. नंतरच्या खेपेला लेक म्हणाला, पडली नाही. मी सिस्टरांना म्हणाले, "तुमचं लक्ष्मीचं टाइमटेबल बरोबर निघालं म्हणायचं." त्या नुसत्या आठी घालून निघून गेल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

फोनची भीती असूनही डोसाच्या नंतरच्या दिवसांत त्या आपल्या प्रत्येक पेशंटला फोन करायच्या. मला केला की आमची झकाझकी ठरलेली. त्या म्हणायच्या पाणी प्या, मी म्हणायचे तुमच्या आटपाडीला द्या. त्या म्हणायच्या झोपा, मी म्हणायचे झोपून झोपून गादीला माझा आकार आलाय. त्या फोन ठेवायच्या आणि मला बरं वाटायचं.

सगळं हळूहळू जमत आलं होतं. दात बसून, आंघोळ दुपारी, नकाशे सकाळी. थकवा आला की मी घाबरेनाशी झाले होते. येतो, राहतो, ओसरतो हे मला कळलं होतं, आणि विलासलाही. त्यातच आम्ही फसलो.

शेवटून दुसऱ्या डोसानंतरची ती सकाळ. मी उठलेच नाही. अंग गार पडलं होतं, पण छान वाटत होतं, कुठे जायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही. विलासने ताप पाहिला, नव्हता. तो म्हणाला, "घागर कमी आहे आज, पडून राहा," आणि बाहेर जाऊन माझ्यासाठी पेज करत बसला. इतकी शहाणी माणसं झालो होतो आम्ही. फोन वाजला तो त्याने माझ्या कानाशी धरला.

"बाई, पाणी पिताय न्हवं?"

"बरं."

"ल्हान ल्हान घोट घ्या."

"बरं."

"आज किती जेवला?"

"बरं."

मग त्या म्हणाल्या, "दादांना द्या फोन." विलासने नंतर सांगितलं ते असं. सिस्टर म्हणाल्या, बाईंना आत्ताच्या आत्ता घेऊन या. तो म्हणाला, "अहो, ताप नाही. शांत झोपल्यात." आणि ज्या बाईने कधी कुणावर आवाज चढवला नव्हता, ती बाई किंचाळली. "शांत? बाई कवा शांत असत्यात? त्या भांडंनात, दादा! उचला त्यांना! मी यीऊ का?"

त्याने पेज तशीच शेगडीवर सोडली. त्याने मला उचलून रिक्षात घातलं. मला त्यातलं थोडंच आठवतं. पोवई नाक्यावर रिक्षा अडकली होती आणि विलास रिक्षावाल्याला हात जोडत होता. मला कळत होतं की हा माणूस हात जोडतोय, पण का ते कळत नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटतही नव्हतं. आज ती रिक्षा आठवली की मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, की मला काहीच वाटत नव्हतं. मरण असं येत असेल तर ते ओळखू येणार नाही.

हॉस्पिटलच्या दारात मेटकरी सिस्टर व्हीलचेअर धरून उभ्या होत्या. मला वर न्यायचं तर लिफ्टशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या माझ्याबरोबर लिफ्टमध्ये शिरल्या. दार बंद झालं तसा त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की पुढे कित्येक दिवस तिथे काळंनिळं होतं.

पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या आणि जंतू रक्तात शिरले होते. अंगात ताप चढवण्याइतकीसुद्धा ताकद उरली नव्हती. डॉक्टर धावत आले, त्यांनी भराभर औषधं चालू केली. नंतर ते विलासला म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं.

चार-पाच दिवसांनी मला नीट कळू लागलं. दुपारची वेळ होती, वॉर्डात सामसूम. सिस्टर माझ्या पलंगाशी बसून ड्रिपच्या थेंबांकडे बघत होत्या. मी म्हणाले, "कसं ओळखलंत?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे मालक, म्हणजे यजमान, गलाईच्या धंद्यात होते, लांब तामिळनाडूत, भट्टीवर सोनं गाळायचं काम. सिस्टर तेव्हा नुकत्या नर्स झालेल्या. मालक सुट्टीला गावी आले होते. जेवून उठले आणि म्हणाले, दमलोय जरा.

"मी म्हणलं, झोपा घटकाभर. प्रवासाचा शीण आसंल. आन मी ड्युटीला गेले. त्ये झोपले. उठले न्हाईत." त्या थेंबांकडेच बघत होत्या. "हृदय व्हतं. घाम आलावता, हात गार व्हता. मी हात धरलावता, बाई. गार लागला मला. मी म्हणलं, भट्टीवरनं आल्यात, गारच बरं."

त्यांनी माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"तवापासनं कुणी दमलोय म्हणलं की मला भ्या वाटतं. आन माझं कामच असलं, रोज सगळी दमलेलीच माणसं. म्हणून मी आधी घाबरून घिते. मग तपासते. मगच झोपा म्हणते. ह्ये सोडून मला काय येत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. तो घामेजलेला होता. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते सख्ख्या बहिणीबद्दलही कधी वाटलं नव्हतं, आणि मी तसं त्यांना सांगितलंही. त्या घाबरून उठल्या आणि ड्रिप तपासू लागल्या.

उरलेला डोस पार पडला. शेवटच्या दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेटकरी सिस्टरांनी वाजवल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "औषध संपलं म्हणून दमणूक संपणार न्हाई. ती बरेच म्हैने ऱ्हाती. परत आजार आला म्हणून घाबरून जाऊ नका. आन घाबरायचं न्हाई म्हणून डॉक्टरला दाखवायचं ऱ्हाऊ पण नका." मी विचारलं, "म्हणजे नक्की करू काय?" त्या म्हणाल्या, "दाखवा आन मग घाबरू नका." थोड्या दिवसांनी त्या साताऱ्याचं काम सोडून आटपाडीकडे, आपल्या गावाजवळच्या एका छोट्या दवाखान्यात गेल्या. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. जाताना त्यांनी मला एकच बजावलं, "वरसाच्या तपासणीचा रिपोर्ट फोनवर सांगू नका. मला ऐकवणार न्हाई. चांगला असू दे न्हाईतर वाईट, सोता या."

ते वर्ष कसं गेलं ते माझं मला ठाऊक. शाळेत वर जायचा जिना मध्येच थांबून चढायचे आणि मुलं मागे खोळंबायची. दर वेळी मनात यायचं, हा तोच थकवा आहे की परत आलेला? कुणाला विचारणार? दाखवायचे, तपासून घ्यायचे, घरी यायचे, आणि आठवड्याने पुन्हा तोच प्रश्न. वर्षाच्या तपासणीला गेले तेव्हा विलास बाहेर बाकावर बसून नखं खात होता.

रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या दिवशी मी एकटीच एसटीने निघाले. विट्याला गाडी बदलली. वाटेत ऊस संपला, माळ लागला, आणि खिडकीतून मी आयुष्यभर फळ्यावर काढलेला तो प्रदेश पहिल्यांदा नीट पाहिला. दवाखाना गावाबाहेर एका चढावर होता. फाट्यावर उतरून चालत निघाले.

सिस्टर दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात कसलासा ट्रे. मी त्यांना लांबून ओळखलं आणि त्यांनी मला. मी हात केला. त्यांनी केला नाही. ट्रे तसाच धरून त्या उभ्या राहिल्या, आणि माझ्या लक्षात आलं की त्या माझी चाल वाचताहेत. मी येतेय एवढंच त्यांना कळत होतं. काय घेऊन येतेय ते कळत नव्हतं.

त्यांना चटकन कळावं म्हणून मी झपाझप चालू लागले, आणि तोच माझा मूर्खपणा झाला. अर्ध्या चढावर छाती भरून आली, पाय जड झाले. रस्त्याकडेला बाभळ होती, तिच्या सावलीत वाकून गुडघ्यांवर हात टेकून मी उभी राहिले. मान वर करून पाहिलं तर सिस्टरांनी ट्रे खाली ठेवला होता, दोन्ही हात तोंडावर घेतले होते, आणि त्या हळूहळू पायरीवर बसत होत्या.

माझ्याजवळ होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून मी ओरडले, "सिस्टर! चांगलाय रिपोर्ट! चांगलाय! नुसती दमलेय मी!"

दवाखान्याबाहेर बसलेली माणसं माना वळवून बघू लागली. सिस्टरांनी तोंडावरचे हात काढले. त्या उठल्या, पदर खोचला आणि आख्ख्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "मग हलू नका तिथनं! मी येते खाली!"

त्या उतारावरून धावत येत होत्या. मी बाभळीखाली तशीच उभी राहिले, आणि हलले नाही.